गोड बोलून बुडवणारा सायकोपॅथ असतो का?

प्रश्न : नवी पेठेत आमचं रेडिमेड कपड्यांचं दुकान आहे. पारख केल्याशिवाय मी उधारी देत नाही. तरी एकानं लग्नाच्या बस्त्याचा माल नेला, घरच्यांची आपुलकीनं चौकशी करत राहिला आणि पैसे बुडवले. पुढं बाजारात भेटला तेव्हा चेहऱ्यावर लाजेचा लवलेश नव्हता. मुलगी म्हणाली, "बाबा, हा सायकोपॅथ." ती मानसशास्त्रात एम.ए. करते आणि तिला पुढं अशाच माणसांवर संशोधन करायचं आहे. यात जन्म घालवण्यासारखं काय आहे? आणि अशी माणसं जन्मतःच तशी असतात का?
– एक वाचक, नवी पेठ, सोलापूर

उत्तर : आधी तुमच्या गिऱ्हाइकाचं बघू. तो लबाड आहे, निर्लज्जही असेल, पण एका बुडवलेल्या उधारीवरून कुणी सायकोपॅथ ठरत नाही. ते कशावरून ठरवायचं, हे शोधण्यातच एका माणसाची सगळी कारकीर्द गेली. त्यांची गोष्ट सांगतो, म्हणजे मुलीला कशाचा ध्यास लागला आहे ते कळेल.

१९६० साली रॉबर्ट हेअर हा तरुण कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया तुरुंगात मानसशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाला. अनुभव जवळजवळ शून्य. पहिल्याच भेटीला आलेल्या कैद्यानं (हेअर यांनी पुस्तकात त्याला 'रे' म्हटलं आहे) सुरा काढून दाखवला आणि हा दुसऱ्या एका कैद्यासाठी आहे, असं सांगितलं. हेअर यांनी ही गोष्ट वर कळवली नाही. हा बाबा दबतो, हे रेनं तेव्हाच हेरलं. पुढचे आठ महिने तो त्यांना हवं तसं वापरत राहिला. त्यांच्याच शिफारशीनं स्वयंपाकघरात बदली मिळवली आणि तिथं चोरून दारू गाळली. माणसाच्या मनाचा अभ्यास केलेल्याला एक कैदी इतक्या सहज कसा गुंडाळतो, हा प्रश्न घेऊन हेअर तिथून बाहेर पडले. डॉक्टरेट करून ते व्हँकुव्हरच्या विद्यापीठात शिकवू लागले आणि संशोधनासाठी पुन्हा तुरुंगातच जात राहिले.

त्यांचा १९६५ सालचा प्रयोग मला अजूनही फार मोलाचा वाटतो. कैद्याला खुर्चीत बसवायचं, तळहाताला घाम मोजणारं यंत्र लावायचं आणि समोर एक ते बारा आकडे ओळीनं दाखवायचे. आठव्या आकड्याला विजेचा झटका बसणार, हे आधीच सांगितलेलं. आपल्यासारख्यांचे तळहात चार-पाचलाच ओलावू लागतात. सायकोपॅथ म्हणून निवडलेल्या कैद्यांमध्ये ही आधीची चलबिचल फारच कमी दिसली. झटका बसणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण त्या ठाऊक असण्याला भीतीची जोड नव्हती. शिक्षेचा धाक अशा माणसावर का चालत नाही, याचा एक धागा इथं सापडतो.

पण सायकोपॅथ म्हणून निवडायचं कुणाला? यावर एकमत नव्हतं. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ हर्वी क्लेक्ली यांनी १९४१ साली अशा रुग्णांची बारकाईनं वर्णनं लिहिली होती. त्यांचा आधार घेत हेअर यांनी १९८० च्या सुमारास एक तपासणी-यादी बांधली आणि १९९१ साली ती सुधारून प्रसिद्ध केली. तिच्यात २० मुद्दे आहेत : वरवरची मोहिनी, सराईत खोटेपणा, पश्चात्तापाचा अभाव, दुसऱ्याच्या जिवावर जगणं, लहानपणापासूनचं बेताल वागणं वगैरे. प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण, एकूण ४०. उत्तर अमेरिकेत साधारणपणे ३० किंवा त्याहून जास्त गुण झाले की सायकोपॅथी धरतात. यातला सगळ्यात शहाणपणाचा भाग असा, की नुसत्या मुलाखतीवर गुण द्यायचे नाहीत. शाळेचे शेरे, सोडलेल्या नोकऱ्या, मोडलेले संसार, कोर्टाचे कागद, सगळी फाईल वाचायची आणि बोलणं तिच्याशी ताडून पाहायचं. गल्ल्यावर बसून तुम्ही बोलण्यावरून माणूस जोखता आणि अशी माणसं नेमकी बोलण्यातच सवाई असतात. म्हणून मुलीचं निदान एका व्यवहारावर टिकत नाही. कायदे मोडत राहणारी 'समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकारा'ची माणसं तुरुंगात पुष्कळ असतात, पण त्यांतली थोडीच या यादीत ३० गाठतात.

यादीवर वादही झाले. गुन्हे करणं हा सायकोपॅथीचा गाभा की नुसता परिणाम, असा प्रश्न जेनिफर स्कीम आणि डेव्हिड कुक यांनी एका लेखात उपस्थित केला. हेअर यांनी कोर्टाची भाषा केली आणि लेख छापून यायला २०१० साल उजाडलं. संशोधनातल्या मतभेदात वकिलाला आणणं मला मुळीच पटत नाही, मग माणूस कितीही मोठा असो.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर लोक पटकन रामन राघवचं नाव घेतात. साठच्या दशकात मुंबईच्या फूटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्यांचे त्यानं खून पाडले. १९६८ साली पकडला गेला, फाशीची शिक्षा झाली. पण उच्च न्यायालयाच्या आदेशावरून तीन मनोविकारतज्ज्ञांनी त्याला वेगवेगळ्या बैठकांत तपासलं आणि निदान केलं जुनाट पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचं. फाशीची जन्मठेप झाली. १९९५ साली तो पुण्यात ससून रुग्णालयात वारला. त्याचा वास्तवाशी संबंधच तुटला होता. सायकोपॅथचा तुटलेला नसतो, आपण काय करतो आहोत ते त्याला नीट कळत असतं. दोघांना एकाच नावानं हाक मारली की दोघांचंही चुकीचं होतं.

आता जन्मजात असण्याबद्दल. एसी व्हायडिंग यांनी २००५ साली इंग्लंड-वेल्समधल्या सात वर्षांच्या जुळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुसऱ्याच्या दुःखाचं काहीच न वाटणं, या लक्षणात आनुवंशिकतेचा वाटा मोठा निघाला. म्हणून ते कपाळावर लिहिलेलं आहे असं नव्हे. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मेंडोटा केंद्रात अत्यंत हिंसक मुलांवर सातत्यानं उपचार केले. शिक्षेपेक्षा चांगल्या वागण्याची लगेच आणि रोज दखल घेण्यावर तिथं भर होता. सुटल्यावर या मुलांकडून गंभीर हिंसा बरीच कमी झाली.

आणि 'जन्मजात' हा शब्द सोलापूरकरानं तरी जपून वापरावा, असं मला मनापासून वाटतं. तुमच्याच शहरात सेटलमेंट होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात पारधी, कैकाडी अशा कितीतरी कुटुंबांना या सेटलमेंटच्या तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेरी लावली, बाहेर जायला परवाना मागितला. त्या पाळण्यातल्या लेकरांची फाईल कुणी वाचली होती? कायदा देशभरातून रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला, आणि सेटलमेंट फ्री कॉलनी हा पत्ता सांगणाऱ्यांकडं अजूनही संशयानं पाहणारे आहेत. हेअर यांची यादी एकेका माणसाच्या एकेका कृतीचा पुरावा मागते. मला ती महत्त्वाची वाटते ती यासाठी. तीच यादी घाईनं, शिक्का मारायला वापरली, तर ती आपल्याला पुन्हा त्या कुंपणाशी नेऊन सोडेल.

मुलीला जरूर जाऊ द्या. फक्त सायकोपॅथीवर अडून राहू नको, म्हणावं. व्यक्तिमत्त्व विकारांचा पसारा मोठा आहे आणि त्यात आशेलाही जागा आहे. मेरी झानारिनी यांनी बॉर्डरलाइन विकाराच्या २९० रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. दहा वर्षांत त्यांतल्या ९३ टक्के रुग्णांची लक्षणं किमान दोन वर्षं तरी ओसरलेली दिसली. 'स्वभावाला औषध नाही' म्हणणाऱ्यांना हा आकडा दाखवावा.

एम.ए. नंतर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला क्लिनिकलचा अभ्यासक्रम तिनं करावा, बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या ठिकाणी प्रयत्न करावा. संख्याशास्त्राचा कंटाळा चालणार नाही. तुरुंगात काम करायचं तर कारागृह विभागाची परवानगी लागते आणि कैद्याची संमतीही, तीही दबावाशिवाय दिलेली. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून कैद्यांमध्ये काम करतो आहे. तिथं काही महिने घालवून तिनं कैद्याशी बोलायचं कसं, हे आधी शिकावं. यादी हाती घेण्याची वेळ त्यानंतर येईल.

तुमच्या उधारीसाठी मात्र चांगला वकील गाठा.