वसंताचा घास

रमजानमध्ये आमच्या घरी समोसे होत. त्यांच्या पट्ट्या दादी करायच्या. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी दादींना रक्तदाबाचा विकार असल्याचे सांगितले. मीठ कमी, तळलेले बंद! तेव्हापासून दादी दस्तरखानावर आमच्याबरोबर बसेनाशा झाल्या. आपली खिचडी त्या आतल्या खोलीत एकट्याच खात.

फेब्रुवारी महिन्यात भूगोलाच्या तासाला सर चीनविषयी सांगत होते. उत्तर चीनमध्ये हिवाळा फार कडक असतो. पूर्वी त्या दिवसांत ताजी भाजी मिळणे कठीण असे. त्यांच्या पंचांगाप्रमाणे ४ फेब्रुवारीच्या सुमारास वसंत ऋतू सुरू होतो. तेव्हा लोक पातळ पोळीत कोवळ्या भाज्या गुंडाळून खातात. या पोळीला 'छुनपिंग' म्हणजे 'वसंताची पोळी' म्हणतात. ही प्रथा बाराशे वर्षांहून जुनी आहे. हॉटेलात मिळणारा स्प्रिंग रोल हा या पोळीचाच भाऊबंद.

"तो रोल तळतात, ही पोळी मात्र नुसती भाजतात," सर म्हणाले. हे ऐकताच मला दादी आठवल्या.

रविवारी मी आणि आपा कामाला लागलो. गाजर, मुळा, काकडी आणि कोबी स्वच्छ धुऊन लांब व बारीक चिरले. चीनमध्येही या पोळीत मुगाचे मोड घालतात. आम्ही मोड आलेले मूग पाच मिनिटे वाफवले. मोड उबदार ओलाव्यात येतात आणि तिथेच रोगजंतूही वाढतात. म्हणून ते कच्चे खाऊ नयेत.

मग दोन वाट्या कणीक गरम पाण्याने मळली. गरम पाण्यामुळे पिठातील स्टार्च फुगतो व पाणी धरून ठेवतो. त्यामुळे पोळी मऊ राहते. कणीक अर्धा तास झाकून ठेवली.

पण पोळी काही जमेना! जाड लाटली तर गुंडाळता येईना, पातळ लाटली तर फाटे. तीन पोळ्या वाया गेल्या. इतक्यात दादी दारात आल्या.

"अरे बेटा, एक एक कशाला लाटतोस? समोशाच्या पट्टीसारखी जोडी लाट!"

बाह्या सावरून दादी पोळपाटाशी बसल्या. त्यांनी दोन लहान गोळे चपटे केले. एकावर तेल लावून दुसरा त्यावर ठेवला आणि दोन्ही एकत्र लाटले. तव्यावर मधल्या वाफेने पोळी फुगली. खाली उतरवताच दादींनी तिचे दोन्ही पदर अलगद वेगळे केले. मलमलीसारख्या दोन पोळ्या तयार!

पोळीवर भाज्या, मूग, कोथिंबीर आणि पुदिना ठेवून आम्ही लिंबू पिळले. मीठ अगदी शेवटी भुरभुरले. आधी घातले तर भाज्यांना पाणी सुटते. दादींच्या पोळीत मीठ घातलेच नाही. खालची कड दुमडून पोळी घट्ट गुंडाळली.

त्या दुपारी दादी दस्तरखानावर बसल्या. एक पोळी संपवून म्हणाल्या, "आणखी एक दे."

दुसऱ्या दिवशी मी सरांना सारे सांगितले. ते हसून म्हणाले, "चीनमध्येही छुनपिंग अशीच जोडीने लाटतात. तुझ्या दादींना ती न शिकताच येत होती!"

आता दर रविवारी आम्ही भाज्या चिरतो आणि दादी पोळ्या लाटतात.

शब्दार्थ
विकार – आजार
भाऊबंद – नातेवाईक
अलगद – हळूच
पदर – थर

स्वाध्याय
१. दादी एकट्या का जेवत असत?
२. मोड आलेले मूग का वाफवावेत?
३. दादींनी पातळ पोळ्या कशा केल्या, ते चार-पाच वाक्यांत लिहा.
४. तुमच्या घरातील वडीलधाऱ्या माणसांना येणारी एखादी पाककृती विचारून वहीत लिहा.