काळ्या मातीवर रूळ घालताना

बागेत छोटी रेल्वे घालायची हौस लागली की माणूस पहिल्यांदा इंजिनांची चित्रं बघत बसतो. खरं तर इंजिन घ्यायचं सगळ्यात शेवटी, आणि पैशांचा मोठा वाटा घालायचा रुळांखाली, जिथे तो पुढे कोणालाच दिसणार नाही. नाशिकच्या जमिनीवर काही पावसाळे काढल्यावर माझं हे मत पक्कं झालं आहे. ज्यांना ही हौस नव्याने लागली आहे, त्यांच्यासाठी हा खटाटोप.

छोट्या रेल्वेचं नाव काढलं की आपल्याकडे पुण्यातलं कर्वे रस्त्यालगतचं जोशींचं संग्रहालय आठवतं. भाऊसाहेब जोशींच्या हौसेतून उभं राहिलेलं ते संग्रहालय १९९८ साली लोकांसाठी खुलं झालं. सिग्नल, पूल, घाट, दिवेलागण, सगळं तिथे बघण्यासारखं आहे. पण ते छपराखाली आहे. तिथलं माप एचओ, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान, आणि दोन रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर. हे माप बागेत आणलं तर शेवग्याचं एक पान किंवा मुंग्यांनी उकरलेला मातीचा कण गाडी पाडायला पुरतो. बागेसाठी ४५ मिलिमीटर रुंदीचे रूळ घ्यावेत. एलजीबी या जर्मन ब्रँडने १९६८ साली या मापाच्या बागेतल्या गाड्या बाजारात आणल्या आणि त्याच पुढे जगभर रुळल्या. त्या गाड्या साधारण साडेबावीस पट लहान असतात, कारण त्या मीटरगेजच्या नकला आहेत.

परदेशी पुस्तकांत मार्ग घालायची एक सोपी रीत असते. वीतभर खोल चर खणा, खडी भरा, वर रूळ मोकळे टेकवा. ही रीत तिकडच्या हिवाळ्यातून आलेली आहे. गोठलेली जमीन वर उचलते, म्हणून रूळ जखडायचे नाहीत आणि बर्फ वितळलं की पुन्हा सारखे करायचे. आम्ही दिवाळीच्या सुमारास अगदी तसाच मार्ग घातला आणि तो उन्हाळाभर सुरेख चालला. मृग बरसला, आर्द्रा बरसल्या, आणि जुलैत पाहतो तर एक रूळ वर, शेजारचा खाली, वळणावर अख्खा मार्ग बाहेरच्या बाजूला कललेला. गाडी दर फेरीला त्याच जागी उतरायची. खडी घालून सारखं केलं, की पुढच्या उघडिपीत पुन्हा तेच. शेवटी घराचं काम केलेल्या गवंड्याला बोलावलं. त्याने टाचेने माती दाबून बघितली आणि विचारलं, “साहेब, घराचा पाया मुरूम लागेपर्यंत खणला होता ना? मग गाडीनं काय घोडं मारलं?”

आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून इतकी भेगाळते की भेगेत हात जातो. तिकडची जमीन गोठून हलते, इथली भिजून आणि वाळून. शिवाय एकाच वाफ्यात झाडाखालची जागा वेगळी हलते आणि उघड्यावरची वेगळी. वरून कितीही खडी ओता, खालची माती आपलं तेच करणार. म्हणून मार्गाच्या रेषेत दीड-दोन फूट रुंद पट्ट्यातली काळी माती किमान दीड फूट काढून टाकावी, मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी भरावा, प्रत्येक थर पाणी मारून धुमसाने ठोकावा, आणि मग वर बारीक खडी. खडी फोडलेलीच हवी. नदीतले गोल गोटे दिसायला छान असले तरी एकमेकांवरून घसरतात.

याहून चांगला उपाय नाशिककरांच्या हाताशी आहे, तो म्हणजे द्राक्षबागेचे जुने अँगल. बाग काढली की हे अँगल भंगारात निघतात. ते तीन फूट खोल, जमलं तर मुरमापर्यंत, गाडून जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर चौकट केली आणि तिच्यावर शहाबादी फरशीच्या पट्ट्या टाकल्या, की माती खाली काय करते त्याची फारशी फिकीर उरत नाही. फरशी थेट अँगलवर न टेकवता नटबोल्टवर टेकवावी, म्हणजे पाना फिरवून उंची सारखी करता येते. आमचा आताचा निम्मा मार्ग असा आहे. वय झालेल्यांना वाकावं लागत नाही, हा वेगळा फायदा.

जमिनीवरच्या भरावाबद्दल आणखी एक. रेल्वेचं वर्तुळ पूर्ण झालं की भराव हा बंधारा होतो आणि आतल्या बाजूला पाणी तुंबतं. भराव घालतानाच त्याच्या खालून दर पाच-सात फुटांवर पीव्हीसी पाइपचे तुकडे आडवे टाकावेत, उतार बाहेरच्या बाजूला ठेवावा आणि पाइपांच्या तोंडाला जाळी लावावी. नाहीतर तिथे घूस घर करते. घुशीने पोखरलेला भराव वरून अगदी शाबूत दिसतो.

चढाच्या बाबतीत नाशिककराने कसारा घाट आठवावा. मुंबईहून येणाऱ्या गाडीला कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं लागतात, कारण इगतपुरीपर्यंतचा चढ सदतीसास एक आहे. वंदे भारतला ती लागत नाहीत, कारण तिच्या मोटारी गाडीभर वाटलेल्या असतात. बागेतली गाडी पहिल्या जातीची, सगळी ओढ एका इंजिनावर. तेव्हा पन्नासास एकपेक्षा तीव्र चढ देऊ नये. म्हणजे फूटभर उंचीसाठी पन्नास फूट मार्ग हवा, आणि तेवढी जागा बहुतेक बंगल्यांत नसते. मग सपाटच ठेवावा आणि घाटाची हौस मार्गाशेजारी दगड रचून भागवावी. माथेरानच्या गाडीचा वीसास एक चढ बघून मोहात पडणारे भेटतात. ती इंजिनं त्या घाटासाठीच बनवलेली आहेत.

वळणांचं गणित त्याहून चुकवणारं असतं. सुरुवातीच्या संचात बारा वाकड्या तुकड्यांचं वर्तुळ येतं, त्रिज्या अवघी ६० सेंटिमीटर. नाशिकच्या प्रत्येक हौशी माणसाला कधी ना कधी पंचवटी एक्स्प्रेस बागेतून न्यायची असते. आपल्या ब्रॉडगेजचे रूळ १६७६ मिलिमीटरवर असतात, ते ४५ मिलिमीटरमध्ये बसवायचे तर माप साधारण सदतीसास एक. जुन्या आयसीएफ बनावटीचा डबा एकवीस मीटरांहून थोडा लांब, म्हणजे आपला डबा ५७-५८ सेंटिमीटरचा. ६० सेंटिमीटरच्या वळणावर तो कोपऱ्यांनी बाहेर लटकेल आणि शेजारची कुंडी पाडेल. तयार पंचवटी मिळत नाहीच, डबे सनबोर्ड किंवा एसीपी पत्र्याचे हातानेच करायचे असतात. मग वळणाची त्रिज्या सव्वा मीटर तरी ठेवा, डबे तीन-चारच करा.

उन्हाचा विचार बहुतेक जण करत नाहीत. पितळ तापलं की लांबतं. जानेवारीच्या पहाटे आठ-दहा अंशांवर असलेला रूळ मेच्या दुपारी हात लावणार नाही इतका तापतो. पन्नास अंशांचा फरक धरला तर दहा मीटर लांबीत जवळपास एक सेंटिमीटर वाढ होते. दोन्ही टोकं स्क्रूने जखडली असतील तर मार्ग मधूनच बाजूला फुगणार. मोठ्या रेल्वेत जोडांशी फट ठेवायचे ती याचसाठी. बागेतही ठेवावी, आणि रूळ घालायचं काम कडक थंडीत किंवा भर उन्हात करू नये. स्लीपर प्लास्टिकचे असले तर ते उन्हासाठी बनवलेलेच घ्यावेत. लाकडाचे मुळीच नकोत, वाळवीला आमंत्रण.

रुळांतून वीज देण्याची पद्धत छपराखाली ठीक. बागेत पितळावर काळा थर चढतो, बोअरच्या पाण्याचे क्षार बसतात, आणि रोज रूळ घासत बसावं लागतं. त्यापेक्षा इंजिनामागच्या डब्यात बॅटरी आणि हातात रिमोट, हे बरं. लिथियमची बॅटरी मात्र बंद डब्यात उन्हात ठेवू नये. उन्हाळ्यात गाडी संध्याकाळीच काढावी. रुळांतून वीज द्यायचीच असेल तर २३० व्होल्टचा भाग घरातच राहावा, बाहेर फक्त कमी दाबाची तार यावी, आणि त्या लाइनवर ईएलसीबी असावा.

झाडांत वड-पिंपळाच्या जातीचं काही मार्गाजवळ नको, कुंडीतसुद्धा. बारीक पानांची कामिनी छाटून ठेवली की त्या मापात मोठं झाड वाटते. हराळी मात्र मुळासकट काढत राहावी लागते, त्याला इलाज सापडलेला नाही.

पावसाळ्यात गाडी चालवायचा हट्ट धरू नये. खुद्द माथेरानची गाडी पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज बंद असते. २००५च्या पावसाने तो मार्ग उखडला आणि गाडी पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडलं. आम्ही जूनमध्ये इंजिन आणि डबे घरात घेतो, सांधे बदलायच्या यंत्रणा काढून ठेवतो. रूळ बाहेरच राहतात. मोठ्या पावसानंतर एक रिकामा डबा हाताने ढकलत मार्गावरून फिरवतो. जिथे तो डुचमळतो तिथे खडूची खूण, पाऊस थांबला की तेवढीच दुरुस्ती.

तर दसऱ्यानंतर खणायला घ्या, दिवाळी ते संक्रांत भराव आणि चौकट उरका, आणि पुढचा एक पावसाळा नुसता भराव भिजू द्या. काय हलायचं ते त्यात हलून जातं. इंजिनाची घाई तशीही परवडणारी नाही. परदेशी खेळण्यांवरची जकात २०२० साली २० टक्क्यांवरून ६० झाली आणि २०२३ साली ७०, आणि या गाड्या खेळण्यांतच मोडतात. तो पावसाळा संपेपर्यंत इंजिनाचे पैसे बँकेत असू द्या.