कड्यावरील अरुंद वाट

वाचावयाचे भाग : यशया ५८:६–१२, इब्री १२:१२, १३, मार्क ६:१–३.
मुख्य विषय : मोडलेली वाट नीट करणें.



स्पेन देशाच्या दक्षिणेस मालागा नांवाचा प्रांत आहे. तेथें ग्वादालोर्से नदीनें डोंगर कापून एक खोल घळ पाडिली आहे. त्या घळीच्या उभ्या कड्यास लागून, पात्रापासून सुमारें १०० मीटर उंचीवर, एक वाट बांधिलेली आहे. तिचें नांव ‘कामिनितो देल रेय’, म्हणजे राजाची लहान वाट. कित्येक ठिकाणीं तिची रुंदी अवघी एक मीटर आहे. एका बाजूस खडक, दुसऱ्या बाजूस मोकळें आकाश! देशोदेशींचे लोक तेथें येऊन एका दिवसांत ती चालून जातात. ह्या वाटेचा इतिहास आपल्या मंडळ्यांस पुष्कळ शिकविणारा आहे, म्हणून आज तो धड्यासाठीं घेतला आहे.

१. वाट कोणाची?

ही वाट १९०१ ते १९०५ ह्या सालांत बांधण्यांत आली. तेथें पाण्याच्या जोरावर वीज उत्पन्न करीत असत. त्या कामावरील मजुरांस जातां यावें, सामान नेतां यावें व देखरेख करितां यावी, एवढाच तिचा हेतु होता. पुढें १९२१ सालीं धरणाच्या उद्घाटनास आलेला राजा तेरावा आल्फोन्सो तिजवरून गेला, व वाटेस राजाचें नांव पडलें. राजा त्या दिवशीं चालला. मजूर रोज चालत होते. तरी मजुरांचें नांव वाटेस मिळालें नाहीं.

खेड्यांतील सेवकांनो, तुमचेंही असेंच होतें काय? श्रम तुमचे, आणि नांव एका दिवसाच्या पाहुण्याचें? तर हें ध्यानांत ठेवा : आपला राजा पाहुणा म्हणून आला नाहीं. तो सुतार होता. तो मजुरांच्या वाटेनें मजुरांबरोबर चालला, आणि त्या वाटेवर कोण कोण राबलें हें त्यास ठाऊक आहे.

२. वाट कशी मोडली?

काळ लोटला व वाटेची निगा राहिली नाहीं. कठडे गेले, जमिनीस भगदाडें पडलीं, कोठें कोठें नुसते लोखंडी आधार उरले. तरी धाडसी लोक तिजवरून जातच राहिले. १९९९ व २००० ह्या सालीं कित्येकांनीं तेथें प्राण गमाविले. तेव्हां कोठें वाट बंद करण्यांत आली.

मंडळीचेंही असेंच होतें. एक सायंकाळ घरची प्रार्थना चुकते. एक भांडण मिटविल्यावांचून राहतें. एक मूल शाळेस येईनासें होतें आणि कोणी विचारीत नाहीं. जुन्या विश्वासणाऱ्यास भगदाड कोठें आहे हें ठाऊक असतें. तो लांब पाऊल टाकून पार होतो. परंतु मागून येणारें लेंकरूं त्यांत पडतें. आम्हांस भय वाटतें तें ह्याचेंच. आपण पडलों नाहीं एवढ्यावरून वाट चांगली आहे असें ठरत नाहीं.

३. वाट कशी नीट झाली?

कड्यास नवे पोलादी आधार बसवून त्यांवर लांकडी फळ्या घालण्यांत आल्या, आणि २०१५ सालीं वाट पुनः उघडली. जुन्या वाटेचे अवशेष नव्या वाटेखालीं आजही दिसतात. वाट मोडली होती, खडक हालला नव्हता. म्हणूनच नवें बांधकाम त्यास धरून उभें राहूं शकलें.

आतां तेथें नियम आहेत. प्रत्येकानें डोक्यास शिरस्त्राण घालावें. सर्वांनीं एकाच दिशेनें चालावें. आठ वर्षांखालील मुलांस आंत घेऊं नये. पुष्कळ लोक वाटाड्याबरोबर जातात. वाटाड्या कोणास खांद्यावर घेत नाहीं. पाऊल ज्याचें त्यानेंच टाकावयाचें असतें. पण तो त्या वाटेनें पूर्वीं गेलेला असतो, हा मोठा धीर होय. आपला तारणाराही आपल्यापुढें गेला आहे, मरणाच्या घळींतून देखील.

यशया म्हणतो कीं, जे बंधनें तोडितात व भुकेल्यास अन्न देतात, त्यांस वाटा नीट करणारे असें नांव मिळेल. राजाच्या नांवाहून हें नांव काय थोडें?

विचार करण्यासाठीं प्रश्न

१. आपल्या मंडळींत कोणतें भगदाड सर्वांस ठाऊक असून कोणी बुजवीत नाहीं?
२. त्यामुळें मागून येणारा कोण पडण्याच्या बेतांत आहे?
३. ह्या आठवड्यांत त्यांतली पहिली फळी कोण बसवील?

प्रार्थना : हे प्रभो, आम्हीं ओलांडून गेलेलीं भगदाडें आम्हांस दाखीव, आणि तीं बुजविण्यास आमचे हात बळकट कर. आमेन.