वादळ आणि घरचा गणपती
(इयत्ता चौथी : परिसर अभ्यास)

दि. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरांहून अधिक होता. घरांची कौले व पत्रे उडाले. श्रीवर्धन-दिवेआगर भागांतील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. त्यानंतर ऐंशी दिवसांनी, २२ ऑगस्ट रोजी, गणेशचतुर्थी आली.

शिक्षकांनी प्रथम विचारावे, “फांदी मोडलेला आंबा पुन्हा फुटतो; पोफळ का फुटत नाही?” माडास व पोफळीस वाढीचा शेंडा एकच असतो. तो मोडला की झाड संपले. नव्या पोफळीस फळ धरण्यास साधारणतः पाच ते सात वर्षे लागतात. २०२० साली लावलेले रोप केव्हा फळेल, हे गणित मुलांकडूनच सोडवून घ्यावे.

नंतर वाडीतील एका घराचे कल्पनाचित्र सांगावे. दरसाल मोदकांचा नारळ परसातून येई. त्या वर्षी आजीने तो विकत आणविला. छपरावर ताडपत्री होती, तरी गणपती नेहमीच्याच कोनाड्यात बसला. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सत्तरी ओलांडलेल्या आजोबांनी नातवाकडून पोफळीचे रोप लावून घेतले. “ही सुपारी कोणासाठी?” यावर मुलांस बोलू द्यावे.

पुष्कळ मुलांस हे वादळ आठवणार नाही. त्यांनी वडीलधाऱ्यांस विचारून पाच ओळी लिहून आणाव्यात. ज्यांच्या घरी मोठी हानी झाली, त्या मुलांवर वर्गात वाचून दाखविण्याची सक्ती मात्र करू नये.