कोरड्या नळाची दुरुस्ती

१९९० साली इंदूरहून रेल्वेने पाणी आणून तहान भागवलेले देवास ज्यांनी पाहिले आहे, त्यांना गळका नळ बघवत नाही. मी त्यांतलीच. अंगणातल्या नळाच्या बुडाशी ओल दिसली तेव्हा मी लगेच प्लंबरला बोलावले होते. उशीर केला, अंगावर काढले, असे मला कोणी म्हणू नये. तरीही पावसाळ्याच्या तोंडावर निघालेले काम नवरात्रापर्यंत रेंगाळले आणि नवा नळ जेवढ्यात बसवून झाला असता त्याच्या कितीतरी पट पैसे गेले. ते कशामुळे, हे लिहून टाकल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आमच्याकडे पाणी एक दिवसाआड पहाटे येते, तासाभरात जाते. प्लंबर यायचा दुपारी. दर वेळी दुपारीच. पहिल्यांदा त्याने तोटी बदलली, टेफ्लॉन टेप गुंडाळली, "हो गया माताजी, अब एक बूँद नहीं टपकेगी" म्हणाला आणि पैसे घेऊन गेला. पुढच्या पाळीला पाणी आले तसे बुडाशी पुन्हा थारोळे. मग म्हणे वॉशर निकृष्ट निघाला. मग निपल बदलले. मग "आपके यहाँ प्रेशर ज़्यादा है" असे सांगून ओल्या, गंजलेल्या पाइपावर पुटी थापली. ओल्या पाइपावर ती धरत नाही, हे त्याला कळत नव्हते असे मी मानत नाही. ती दुसऱ्याच पाळीला खपलीसारखी निघून हातात आली. फोन केला की "रास्ते में हूँ", आणि संध्याकाळ होई.

मला सर्वांत लागले ते वेगळेच. पहिल्या दिवसापासून मी त्याला बोट दाखवून सांगत होते, की पाणी तोटीतून येत नाही, ओट्याच्या खालून येते. तो ऐकून घेई आणि उत्तर मात्र यांच्याकडे बघून देई. यांनी त्या नळाला कधी बादली लावलेली नाही. नळावर रोज मी उभी असते. पण बाईने सांगितले म्हणून ओटा फोडायचा, हे त्याला कमीपणाचे वाटले असावे.

एका पहाटे पाणी जायच्या बेताला मी तिथेच भांडी विसळत होते. नळाची धार बारीक झाली, शेजारी कुणाची तरी मोटार घुरघुरली, आणि नळाच्या बुडाशी साचलेले डबके हलले. माझ्या डोळ्यांदेखत ते गोल फिरत खाली जाऊ लागले. साबणाचे, खरकट्याचे, चपलांच्या चिखलाचे ते पाणी पाइपात ओढले जात होते. पोटात गोळा आला. लाइनीत जोर असेपर्यंत भोकातून पाणी बाहेर पडते. जोर गेला आणि कुणी मोटारीने ओढले, की तेच भोक बाहेरचे पाणी आत घेते. ते आमच्या घरात येणार होते, तसे गल्लीतल्या दहा घरांतही जाणार होते. भरलेला हंडा मी तिथेच ओतून दिला.

आणि तेव्हाच लख्ख कळले: या माणसाने आमच्या नळाला पाणी असताना तो एकदाही पाहिलेला नाही. रिकामा पाइप गळणार कसा? कोरड्या नळाची दुरुस्ती करून कोरड्या नळावर "हो गया" म्हणणे, हाच त्याचा धंदा.

सुटका झाली ती धारच्या मिस्त्रीमुळे. नणंदेकडे काम करणारे ते काका नवरात्रात टेकडीवर चामुंडामातेच्या दर्शनाला येणार होते. तिने त्यांना आमच्याकडे उतरायला सांगितले. त्यांचा पहिला प्रश्न होता, "पानी कितने बजे आता है?" पहाटे ते नळापाशी उकिडवे बसले, पाणी येऊ दिले, ओटा कुठून पाझरतो ते खडूने आखले आणि पाणी गेल्यावरच खणले. ओट्याखालच्या एल्बोचे आटे गंजून गेले होते आणि वरून पान्याने पिळून पिळून त्याला चीर पडली होती. पिळणारा कोण, ते सांगायला नकोच.

त्यांच्याकडून जे शिकले ते सांगते. जीआय पाइपाला आटे पाडताना वरचा जस्ताचा थर निघून जातो, म्हणून गंज तिथूनच धरतो. मातीतला सांधा आधी बघा. आपल्या माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि पाइपाला ओढत राहते. म्हणून सांध्याभोवती वाळू भरावी, दगड-विटांचा मलबा नाही. उभा पाइप भिंतीला किंवा खांबाला क्लॅम्पने जखडावा. तोटीला बादली लटकली की हिसका खालच्या एल्बोला बसतो. खाली प्लॅस्टिकचा पाइप टाकलात तर तोटीसाठी पितळी आट्यांचाच एल्बो घ्या, आणि प्लॅस्टिक उन्हात उघडे ठेवू नका.

तोंडातून टपकत असेल तर वॉशर, चालू असताना दांड्याशी झिरपत असेल तर आतली दोरी; ही कामे किरकोळ. तोटी बंद असताना जमीन ओली होत असेल तर तोटी बदलू देऊच नका.

पाण्याच्या वेळी कुणी यायलाच तयार नसेल, तर मीटरजवळचा कॉक घट्ट बंद करून गच्चीवरच्या टाकीचे पाणी रबरी नळीने त्या नळात उलटे सोडा आणि बघा. कॉक मात्र आठवणीने बंद करा, नाहीतर टाकीचे पाणी सार्वजनिक लाइनीत जाईल.  दुरुस्ती झाली तरी खड्डा पाणी येऊन जाईपर्यंत उघडा ठेवा, सिमेंट नंतर. आणि पैसे? पाण्याची एक पाळी कोरडी गेल्यावर. जो यावर चिडेल त्याला काम देऊ नका.

नळाला थेट मोटार लावणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. आधी पाणी जमिनीतल्या हौदात पडू द्या, मोटार हौदावर लावा. गल्लीत कुणाचा सांधा फुटला आहे ते तुम्हाला दिसत नाही, आणि त्याच्याभोवतीचे डबके तुमची मोटार तुमच्याच पिण्याच्या पाण्यात आणते.