दरवर्षी फॉरमॅट कशाला?

प्रश्न : दुकानदार म्हणतात, कॉम्प्युटर दरवर्षी फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकायलाच हवं. खरं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही, काळजी करू नका. ही सवय विंडोज ९८च्या काळातली. तेव्हा ते खरंच लागायचं. विंडोज ११ वर्षानुवर्षं नीट चालतं. मशीन मंदावलं असेल तर आधी टास्क मॅनेजरमधलं ‘स्टार्टअप ॲप्स’ उघडा. सुरू होतानाच दहा-बारा प्रोग्रॅम उठून बसत असतील, तर नको ते बंद करा. जुनी फिरती हार्ड डिस्क असल्यास एसएसडी बसवा. फरक लगेच जाणवेल. व्हायरस हटतच नसेल किंवा मशीन विकायचं असेल, तरच फॉरमॅट. त्याआधी फोटो, टॅलीचा डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि तिथली एखादी फाईल उघडून बघा. डेस्कटॉपवरच्या फायलीही सहसा फॉरमॅट होणाऱ्या सी ड्राइव्हमध्येच असतात, त्या विसरू नका.