घटक ४ : मराठीचा विद्यार्थी आणि उद्योजकता हा दुय्यम विषय

४.१ उद्दिष्टे

प्रस्तुत घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला :
• पदवी अभ्यासक्रमातील दुय्यम विषयाचे स्थान सांगता येईल.
• ‘उद्योजक’ या संकल्पनेचा अर्थ मराठी वाक्यरचनेच्या आधारे स्पष्ट करता येईल.
• तळेगाव दाभाडे आणि किर्लोस्करवाडी येथील उदाहरणांतून उद्योग व भाषा यांचा संबंध दाखवता येईल.
• एखाद्या लहान व्यवसायाचा समविच्छेद बिंदू काढता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीच्या अभ्यासक्रमात मुख्य विषयाच्या जोडीला एक दुय्यम विषय, म्हणजे ‘मायनर’, घेता येतो. महाराष्ट्रात शासनाच्या २० एप्रिल २०२३ च्या निर्णयाने या रचनेला निश्चित आकार मिळाला. त्यानुसार दुय्यम विषयाला साधारणपणे १८ ते २० श्रेयांक असतात आणि हा विषय मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचाही असू शकतो. मराठी हा मुख्य विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याला उद्योजकतेचा विचार करता येतो तो यामुळे. प्रत्यक्षात कोणते विषय उपलब्ध आहेत, हे मात्र प्रत्येकाने आपल्या विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत पाहावे.

दूरशिक्षणात एका श्रेयांकासाठी ३० तासांचा अभ्यास अपेक्षित असतो. म्हणजे २० श्रेयांकांसाठी ६०० तास द्यावे लागतात. संसार, शेती, दुकान किंवा पाळीची नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला हे तास सहज मिळत नाहीत. म्हणून ‘या विषयातून मला नेमके काय मिळेल?’ हा प्रश्न विचारणे योग्यच आहे. या घटकात त्याचे उत्तर शोधायचे आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ वाक्यातला कर्ता

पुढील तीन वाक्ये पाहा.
(अ) त्याला नोकरी लागली.
(आ) त्याने धंदा सुरू केला.
(इ) त्याचा धंदा बसला.

पहिल्या वाक्यात ‘त्याला’ हे चतुर्थीचे रूप आहे. नोकरी ‘लागते’, ती ज्याला लागते तो व्याकरणदृष्ट्या कर्ता नसून अनुभव घेणारा असतो. दुसऱ्या वाक्यात ‘त्याने’ हे तृतीयेचे रूप कर्ता दाखवते. येथे निर्णय आणि कृती त्याची आहे. तिसऱ्या वाक्यात ‘बसणे’ हे अकर्मक क्रियापद येते आणि माणूस ‘त्याचा’ या षष्ठीत मागे सरकतो. जणू धंदा आपणहून बसला! ‘दुकान बुडाले’, ‘गिऱ्हाईक तुटले’ या प्रयोगांतही हेच घडते. व्यवसाय सुरू होताना जो कर्ता वाक्यात असतो, तो अपयशाच्या वाक्यातून नाहीसा होतो आणि त्याच्याबरोबर कारणही नाहीसे होते.

अशी वाक्ये बोलण्यात सहानुभूती असते, म्हणून ती वाईट नव्हेत. परंतु त्यांतून शिकता येत नाही. ‘धंदा बसला’ या वाक्यामागे ‘भाडे वाढले, विक्री तेवढीच राहिली आणि उधारी वसूल झाली नाही’ अशी कारणांची वाक्ये असतात. ती शोधून काढणे हे उद्योजकतेच्या अभ्यासाचे पहिले काम होय.

४.३.२ संकल्पनेचा अर्थ

इंग्रजीतील ‘आंत्रप्रेन्योर’ हा शब्द फ्रेंचमधून आला. त्याच्या मुळाशी असलेल्या क्रियापदाचा अर्थ ‘हाती घेणे’ असा आहे. रिचर्ड कॅन्टिलॉन यांच्या १७५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अर्थशास्त्रीय ग्रंथात उद्योजकाचे एक महत्त्वाचे लक्षण आले आहे : तो ठरलेल्या किमतीला खरेदी करतो आणि अनिश्चित किमतीला विकतो. या दोन किमतींमधली अनिश्चितता स्वीकारणे म्हणजे जोखीम. पुढे जोसेफ शुम्पीटर यांनी १९११ मधील ग्रंथात नावीन्यावर भर दिला. नवी वस्तू, नवी पद्धत, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा स्रोत किंवा उद्योगाची नवी रचना घडवणारा तो उद्योजक, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

मराठीत ‘जोखणे’ म्हणजे तोलणे. ‘जोखीम’ शब्दाच्या व्युत्पत्तीचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी अभ्यासाच्या दृष्टीने हे साम्य उपयोगी आहे. जोखीम डोळे मिटून घ्यायची नसते. ती आधी जोखायची असते. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण उद्योगाच्या विरोधात आहे, असे काही जण मानतात. वस्तुतः तिच्यातील ‘पाहून’ हे धातुसाधित महत्त्वाचे आहे. पाय पसरण्यास मनाई नाही. आधी अंथरूण मोजावे, एवढेच म्हणणे आहे.

४.३.३ पैसा फंड : एक पैसा आणि एक कारखाना

मावळ तालुक्यातील सोमाटणे येथून जवळच तळेगाव दाभाडे आहे. तेथे १९०८ मध्ये पैसा फंड काच कारखाना सुरू झाला. त्यामागची कल्पना अंताजी दामोदर काळे यांची होती : प्रत्येकाने वर्षाला केवळ एक पैसा द्यावा आणि त्या निधीतून स्वदेशी उद्योग उभे राहावेत. लोकमान्य टिळकांनी या उपक्रमाला पाठिंबा दिला. जपानमध्ये काचनिर्मितीचे शिक्षण घेतलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांचे तांत्रिक मार्गदर्शन कारखान्याला मिळाले. येथे शिकलेले कारागीर पुढे देशातील इतर काच कारखान्यांतही गेले.

या उदाहरणातील तीन घटक वेगळे करून पाहावेत. पहिला घटक भांडवल. ते एका धनिकाचे नव्हते. ते थेंबाथेंबाने साचलेले होते. दुसरा घटक कौशल्य. केवळ देशप्रेमाने काच वितळत नाही. त्यासाठी भट्टी आणि रसायन जाणणारा माणूस लागतो. तिसरा घटक विश्वास. अनोळखी माणसाने मागितलेला पैसा लोक देतात, तो त्यांना उद्देश समजला आणि पटला म्हणून. हा विश्वास भाषणे, लेख आणि घरोघरी झालेला संवाद यांतून, म्हणजे भाषेतून, निर्माण झाला.

४.३.४ नांगर आणि मासिक

दुसरे उदाहरण किर्लोस्करवाडीचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये औंध संस्थानात आपला कारखाना उभारला. त्यांचे लोखंडी नांगर सुरुवातीला सहजासहजी खपले नाहीत, कारण लोखंडाने जमीन बिघडते असा शेतकऱ्यांचा समज होता. येथे अडचण वस्तूच्या दर्जाची नव्हती. ती समजुतीची होती. पुढे १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू केले. कारखान्याच्या अंगणात जन्मलेले हे पत्र ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून मराठी वाचकांच्या घरोघरी पोहोचले. ‘स्त्री’ (१९३०) आणि ‘मनोहर’ (१९३४) ही मासिके त्याच परंपरेतील होत. मराठी नियतकालिकांच्या इतिहासाचे हे पान उद्योगाच्या इतिहासाचेही आहे.

४.३.५ आकड्यांची भाषा

आता एक काल्पनिक उदाहरण सोडवू. सोमाटणे फाट्यावर एक बचत गट मावळातील इंद्रायणी तांदूळ एक किलोच्या पिशव्यांतून विकू पाहतो. महामार्गावरचे प्रवासी आणि शिरगावच्या मंदिराकडे जाणारे भाविक हे अपेक्षित ग्राहक आहेत.

किलोमागे खरेदी : ५२ रुपये
पिशवी व वाहतूक : ८ रुपये
विक्रीची किंमत : ७५ रुपये
किलोमागे शिल्लक : ७५ – ६० = १५ रुपये

दरमहा स्थिर खर्च (भाडे ६,००० व वीज इत्यादी १,५००) : ७,५०० रुपये

समविच्छेद बिंदू = स्थिर खर्च ÷ किलोमागे शिल्लक = ७,५०० ÷ १५ = ५०० किलो.

महिन्याला ५०० किलो विक्री झाली, तर नफाही नाही व तोटाही नाही. ७०० किलो झाली, तर ३,००० रुपये उरतात. गट म्हणेल, ‘नफा झाला.’ पण दुकानात बसणाऱ्या सदस्येच्या श्रमाची किंमत या हिशेबात कोठेच नाही. तिचे मानधन दरमहा ९,००० रुपये धरले, तर स्थिर खर्च १६,५०० रुपये होतो आणि समविच्छेद बिंदू १,१०० किलोवर जातो. म्हणजे ज्याला आपण ३,००० रुपयांचा नफा म्हणत होतो, तो प्रत्यक्षात ६,००० रुपयांचा तोटा होता. तो एका बाईने आपल्या वेळेतून मुकाट्याने भरला होता. घरगुती व्यवसायात श्रमाला ‘हातभार’ म्हटले, की त्याची नोंद वहीत होत नाही. शब्दाची निवड येथे हिशेब बदलते.

या आकडेमोडीनंतर गट किंमत वाढवेल, कमी भाड्याची जागा पाहील, घाऊक ग्राहक शोधेल किंवा व्यवसाय सुरूच करणार नाही. विचारपूर्वक घेतलेला नकारही अभ्यासाचे फळच होय.

४.४ सारांश

उद्योजकतेचा दुय्यम विषय कोणालाही आपोआप उद्योजक बनवत नाही. भांडवल, ग्राहक आणि अनुभव हे वर्गाबाहेरच मिळवावे लागतात. हा विषय प्रश्न विचारण्याची शिस्त देतो : कोणी ठरवले, कशाच्या आधारे ठरवले, खर्च कोणी सोसला? मराठीच्या विद्यार्थ्याला कर्ता ओळखण्याची, अर्थच्छटा पारखण्याची आणि मुद्दा पटवून देण्याची सवय असते. पैसा फंड आणि किर्लोस्कर यांची उदाहरणे हीच क्षमता उद्योगालाही लागते, हे दाखवतात. ज्याच्यासमोर व्यवसायाचा खरा निर्णय उभा आहे, त्याच्यासाठी हे ६०० तास कारणी लागतील. ज्याला केवळ श्रेयांक हवे आहेत, त्याने अन्य विषयाचाही विचार करावा.

४.५ पारिभाषिक शब्द

स्थिर खर्च : विक्री कमी-जास्त झाली तरी न बदलणारा खर्च.
बदलता खर्च : विक्रीच्या प्रमाणात वाढणारा किंवा घटणारा खर्च.
समविच्छेद बिंदू : एकूण खर्च आणि एकूण उत्पन्न समान होते ती विक्री.

४.६ स्वाध्याय

१. ‘नोकरी लागणे’ आणि ‘धंदा करणे’ या प्रयोगांतील कर्त्याचे स्थान स्पष्ट करा.
२. पैसा फंडाच्या उदाहरणातील भांडवल, कौशल्य व विश्वास यांचे महत्त्व लिहा.
३. वरील उदाहरणात विक्रीची किंमत ८० रुपये केल्यास, मानधन धरून व न धरता, समविच्छेद बिंदू काढा.
४. क्षेत्रीय कार्य : आपल्या गावातील एका लहान व्यावसायिकाशी बोला. त्याच्या बोलण्यातील नफा-तोट्याविषयीचे दहा वाक्प्रयोग नोंदवा आणि प्रत्येकात कर्ता कोण आहे, ते लिहा. व्यावसायिकाचे नाव नोंदवू नये.